चारीच्या शेवटच्या शेतावरून, अण्णांना

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेचं सचिवपद सोडताना तुम्ही सत्कार होऊ दिला नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमची शेतं चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या छोट्या पाटाच्या, टोकाला. आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरलेल्या वेळचं पाणी, सुटलं की वरच्यांचा ऊस भिजायचा आणि आमच्याकडे ओल यायच्या आत पाट बंद. वरचेही आमचेच भाऊबंद, लग्नाला नि दहाव्याला शेजारी बसणारे. मग बोलायचं कुणाला? निवडणुकीत भावकी सांगेल तिकडे मत द्यायचं, पण संस्थेच्या सभेला मात्र टेलचं, म्हणजे आमच्या शेवटच्या टोकाचं, कुणी फिरकायचं नाही. याला लोक शेतकऱ्याची उदासीनता म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. जिथे आपला शब्द धरलाच जात नाही, तिथे रोजगार बुडवून कोण जाईल?

तुम्ही पाण्याची पाळी शेवटाकडून सुरू केलीत. आणि कुणाला किती तास पाणी मिळालं, ती यादी दर आवर्तनानंतर पारावर मोठ्याने वाचलीत. सख्ख्या चुलतभावाचे जादा तासही वाचलेत आणि त्याच्या पुढच्या पाळीतून कापलेत. माझ्या मते गाव बदललं ते त्या संध्याकाळी.

पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या कायद्याने शीर्ष, मध्य आणि पुच्छ (म्हणजे आमचं टेल) अशा तिन्ही भागांना संस्थेच्या संचालक मंडळात जागा दिल्या आहेत. आम्हाला ते तुमच्याकडूनच कळलं. नाशिकजवळच्या ओझरला नेऊन बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर उभ्या केलेल्या संस्था दाखवल्यात. परतताना एसटीत विलासराव साळुंखेंची पुणे जिल्ह्यातल्या नायगावची पाणी पंचायत सांगितलीत: पाणी एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही वाटा. मागच्या बाकावरच्या मजूर बायका त्यावर किती वेळ बोलत होत्या!

पुढच्या निवडणुकीत माझ्या जाऊबाईंनी पुच्छ भागातून अर्ज भरला. सातबाऱ्यावर नाव होतंच, धीर नव्हता. पूर्वी तोंड बंद ठेवणारी तीच भावकी त्यांच्यासाठी दारोदार फिरली. आता आम्ही ग्रामसभेलाही जातो, रोजगार हमीच्या कामांचा हिशेब मागतो. काही ठराव आमच्या विरोधात गेले. तरी पुढच्या सभेला गेलो, कारण हात आमच्यासमोर मोजले होते.

यंदा रब्बीची यादी जाऊबाई वाचणार आहेत. वही तुम्ही आखून दिलीत तशीच ठेवली आहे.

तुमचे मनापासून आभार, अण्णा.

आपली,
टेलची एक शेतकरी