क्षारपड रान, युरिया आणि विहीर

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

‘खतांनी रान क्षारपड केलं’ असं तू लिहिलंयस. अरे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडचं मीठ मुख्यतः पाण्याचं आहे. काळ्या रानाला निचरा नाही आणि उसाला पाटपाणी भरमसाट. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडतं, क्षार मागे राहतात. खतं त्यात भर घालतात, पण नुसती गोणी बंद करून पांढरा थर जायचा नाही. माती तपासून घे. संपृक्त अर्काची (माती पाण्यानं पुरती भिजवून गाळलेल्या पाण्याची) क्षारता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांच्या आत असेल तर जिप्समचे पैसे वाया. तिथं निचऱ्यासाठी चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाईपच. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त, तर रान चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेलं. तिथं जिप्सम लागतं, पण निचरा झाल्यावर.

युरियाचं दुखणं वेगळं, कारण ते दिसत नाही. वर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. आपल्या विम्लधर्मी (जास्त सामूच्या) मातीत जास्तच. उरलेल्याचा नायट्रेट होतो. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाटाचं पाणी त्याला थेट विहिरीत नेतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आणि हे घरात नक्की सांग: पाणी उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाट होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात कालवलेलं दूध नको.

आता हिशोब. सुरू उसाला (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे एकरी १०० किलो, म्हणजे २१७ किलो युरिया. ४५ किलोच्या पाच गोण्याही भरत नाहीत! डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) घातलंस तर दर ५० किलोच्या गोणीमागे ९ किलो नत्र त्या १०० किलोंतून वजा कर. हे बहुतेक जण विसरतात. नत्राचे हप्ते असे: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) ४०. प्रत्येक हप्ता मातीआड कर आणि पाणी हलकं दे. युरिया अमोनियम होईपर्यंत मातीला चिकटत नाही, त्याआधी रान तुडुंब भरलंस तर तो तसाच खाली जातो.

मातीचा नमुना खत टाकून दोन-अडीच महिने झाल्यावरच घे. बांध, झाड, उकिरडा सोडून नागमोडी चालीनं आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती मिसळ आणि अर्धा किलो पाठव. पांढऱ्या पट्ट्याची पिशवी वेगळी.

तुझा,
शशी