कासव ‘बेपत्ता’ होते म्हणजे काय?

महोदय,

उपग्रह टॅग (उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र) लावलेले समुद्री कासव पाण्यात सोडले की बातमी ठळक छापून येते. पुढे त्याने हजार किलोमीटरचा टप्पा गाठला की एक चौकट. मग टॅग बंद पडतो आणि ‘कासव बेपत्ता’ या मथळ्यावर विषय मिटतो. माझी तक्रार या मथळ्याबद्दल आहे.

टॅग बहुधा कवचाला चिकटवलेला असतो. कासव श्वास घ्यायला वर आले आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली, तरच संकेत उपग्रहापर्यंत पोहोचतो. बॅटरी संपते, अँटेना मोडते, कधी टॅगच गळून पडतो. तेव्हा संकेत थांबला म्हणजे कासव गेलेच असे नाही. पण कधी कधी ते गेलेलेही असते, आणि खरी बातमी तिथे असते.

‘अडेलिटा’ ही लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवाची मादी 1996 साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून सोडली गेली. तिने वर्षभरात अख्खा प्रशांत महासागर पार करून जपान गाठले. इंटरनेट तेव्हा नवे होते, तरी शाळकरी मुले तिचा नकाशा पाहत होती. मेक्सिकोजवळ वाढणारी ही कासवे अंडी घालायला जपानला जातात, हे तिच्या प्रवासाने डोळ्यांसमोर आणले. तिचे शेवटचे संकेत जपानी किनाऱ्याजवळचे. ती मासेमारीत सापडली असावी, असा अभ्यासकांचा कयास होता. किनाऱ्यावर घरट्यांभोवती कितीही पहारा ठेवा, वाटेतल्या जाळ्यांचे आणि गळांचे काय, हा प्रश्न तिने मागे ठेवला.

2007 साली कोस्टारिकाहून निघालेल्या लेदरबॅक जातीच्या कासव-माद्यांची इंटरनेटवर चक्क ‘शर्यत’ लावली गेली. (माद्यांना त्याचा पत्ता नव्हता, हे बरेच!) लोक आवडीच्या कासवाची बाजू घेऊन भांडले, तरी मला त्यात वावगे वाटत नाही. कासवांना नावे ठेवायलाही हरकत नाही. मात्र नुसत्या नावाने कौतुक होते, काळजी वाटायला नकाशा लागतो.

आणि नकाशाचा उपयोग वाचकांपुरताच नाही. हवाईच्या उत्तरेला लॉगरहेड कोणत्या तापमानाच्या पाण्यात वावरतात, हे टॅगमुळे कळले. त्या आधारे 2006 पासून तिथल्या लांब दोरीच्या गळांनी मासे धरणाऱ्या बोटींना, कोणत्या पट्ट्यात गळ टाकू नयेत याचा नकाशा मिळू लागला. मच्छीमाराला खलनायक ठरवण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे. गळाला लागलेले कासव त्यालाही नकोच असते.

म्हणून विनंती अशी, की कासवाचा मार्ग छापाल तेव्हा ते कोणत्या देशांच्या हद्दीतून जाते, तिथे त्या महिन्यांत कोणती मासेमारी चालते आणि ट्रॉलरच्या जाळ्यांना कासवाला बाहेर पडता येईल अशी वाट ठेवलेली असते का, हेही त्याच नकाशावर दाखवा. टॅग बंद पडला तर ‘बेपत्ता’ लिहिण्याआधी अभ्यासकांना कारण विचारा. ठाऊक नसेल तर ‘संकेत थांबले’ एवढेच छापा.

आपला,
एक नियमित वाचक