घोगऱ्या आवाजाचे २३ प्रश्न

कौनस, लिथुआनिया

प्रिय मीनल,

'मुलांच्या आवाजाच्या त्रासाची तयार इंग्रजी प्रश्नावली लिथुआनियन भाषेत आणायला एवढा वेळ का लागतो?' असं विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

अगं, भाषांतर हा त्यातला सोपा भाग. दोघांनी वेगवेगळं करायचं, बसून एक मसुदा ठरवायचा, मूळ न पाहिलेल्या कुणाकडून तो परत इंग्रजीत आणून ताडून बघायचा. खरी डोकेफोड त्यानंतर.

मोठ्यांची आवाजाची प्रश्नावली तुला पाठच आहे, १९९७ ची, ३० प्रश्नांची. तिच्यावरून २००७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी २३ प्रश्नांची बेतली. उत्तरं आईवडलांनी द्यायची, प्रत्येकाला ० (त्रास नाही) ते ४ (सतत त्रास) गुण, म्हणजे जास्तीत जास्त ९२. त्यात एक प्रश्न आहे: मूल घरात दुसऱ्या खोलीतून हाक मारतं तेव्हा घरच्यांना ऐकायला अडचण येते का? इथे शिलाइनियाईसारख्या भागात सोव्हिएत काळातले पॅनेलचे आटोपशीर फ्लॅट. तिथली आई सरळ ० वर खूण करणार, मग पोराच्या स्वरतंतूंवर गाठी का असेनात! ते शून्य आवाजाचं नसतं, घराच्या आकाराचं असतं. म्हणून आधी थोड्या पालकांसमोर बसून 'हे वाचून तुम्हाला काय कळलं?' असं विचारत जावं लागतं. मला तर सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळतं.

दुसरी गोष्ट गाण्याची. या देशाचा पहिला गीत महोत्सव १९२४ साली याच कौनसमध्ये झाला. २०२४ मध्ये शंभरी साजरी झाली. शाळाशाळांतून गायनवृंद. आवाज बसलेल्या मुलाला इथे सगळ्यात आधी टोचतं ते वृंदात गाता येत नाही हे, आणि २३ प्रश्नांत गाण्याचं नावही नाही. मग घालावा का चोविसावा? माझं मत, नाही. घातला की बेरीज बदलली, आणि इतर देशांतल्या गुणांशी तुलना संपली. गाण्याचं वेगळ्या कागदावर विचारावं.

पुढे नेहमीचंच: निरोगी मुलांच्या पालकांकडूनही भरून घेणं, काही दिवसांनी त्याच पालकांकडून पुन्हा, प्रश्न एकमेकांशी जुळतात का ते पाहणं. संस्कृतशी लिथुआनियनचं नातं आहे म्हणून मला भाषा सोपी जात असेल, असं बाबांना वाटतं. विभक्त्या ओळखीच्या वाटतात खऱ्या, पण दवाखान्यातली आजी भराभर बोलायला लागली की संस्कृत काही धावून येत नाही.

मला मात्र एक शंका छळते. घोगरेपणाची सवय झालेल्या आईला तो ऐकूच येत नाही. 'आमचा पहिल्यापासून असाच' म्हणते. वर्गात चिडवतात ते पोराला माहीत. म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलांना स्वतंत्रपणे विचारायलाच हवं, असं मी इथे सारखी म्हणत असते.

तुझं एक काम आहे. तुझ्याकडे येणाऱ्या आयांना तो हाकेचा प्रश्न विचारून बघ ना. आपल्याकडे खाली खेळणारं पोर तिसऱ्या मजल्यावर हाक मारतं, तिथे उत्तर बहुतेक उलटंच येईल. काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून कळव, गुण नकोत.

तुझी,
अनघा