पांढरे मोजे

कोल्हापूर

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मामा उद्या लोणंदला निघतोय. पालखी मुक्कामाला यायच्या आत पोचतो म्हणाला. त्याच्याकडं हे पत्र आणि सुती मोज्यांचे चार जोड देतोय. मोजे पांढरे बघून आई म्हणाली, "पावसा-चिखलात पांढरे कशाला?" पांढऱ्यावर रक्ताचा डाग लगेच दिसतो, हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगतो.

तू निघायच्या आदल्या रात्री मी बोललो ते बोलायला नको होतं. "शुगर निघून चार महिने झाले नाहीत आणि वारीची हौस आली." तू ताटावरून उठलास. आईनं झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच होतं. आता तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

दिवे घाट चढून सासवडला पोचलास त्या रात्री फोनवर म्हणालास, "बाबा, घाटात डोक्यात एक विचार नव्हता. पुढच्याची टाच दिसत होती आणि टाळ ऐकू येत होता, बास." मी नुसतं "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ गच्चीवर बसलो. मला हे आजवर जमलं नाही रे. देवळात हात जोडून उभा असलो तरी माझ्या डोक्यात पाणीपट्टी असते. आणि ती सासवडची आजी, जिनं "माउली, बसा" म्हणून तुझे पाय तेलानं चोळले, ती गोष्ट आईनं गल्लीत चार घरी सांगितली. मी मात्र विचारत होतो, आजीनं तळवे नीट बघितले का? भेग, फोड काही म्हणाली का?

आलो बघ परत तिथंच.

माझ्या बोटाचं तुला अर्धंच ठाऊक आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला चालत गेलो, पायात नवी कोल्हापुरी. आपल्याच गावची चप्पल आपल्याला काय करणार, ही मिजास. वडणगे गेलं, कुशिरे गेलं, गायमुखापाशी पाणी प्यालो. कुठं म्हणून दुखलं नाही. मी आपला खूश, पाय तयार झाले म्हणून. घरी आल्यावर तुझी ताई म्हणाली, "बाबा, फरशीवर हे लाल कसलं?" शुगरनं पायाची जाणीवच गेली होती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणून म्हणतो, दुखलं तर दुखू दे. दुखतंय म्हणजे पाय अजून तुझा आहे. ज्या दिवशी काहीच दुखणार नाही, त्या दिवशी बॅटरी घेऊन बोटांच्या बेचक्यासुद्धा बघ. फोड फोडू नकोस. डांबरावर अनवाणी नको, कुणी कितीही पुण्याचं सांगू दे. गोळी घेऊन उपाशी चालू नकोस, खडीसाखर खिशात ठेव.

झालं, दिलं भाषण. माफ कर.

लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होईल. तू पाच वर्षांचा असताना आषाढीला नंदवाळच्या दिंडीत माझ्या खांद्यावर होतास. पुईखडीला रिंगण झालं, घोडा गेला आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. तू खाली उतरलास, चिमूटभर माती चड्डीच्या खिशात घातलीस आणि नंदवाळपर्यंत खिशावर हात दाबून चाललास. मी म्हटलं, खांद्यावर ये. नाही आलास. आईनं चड्डी धुतल्यावर केवढा रडलास! माउलींचे घोडे आपल्या शेजारच्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, आळंदीपर्यंत चालत जातात. ते दिसले की आपल्याकडचं कुणी भेटलं असं समज. आणि या वेळची माती आईच्या हाती लागू देऊ नकोस.

ऑफिसातून तुझ्या साहेबांचा फोन आला होता. वारीला गेलाय म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला माझा, आई आतून हसली.

एकादशीला आम्ही दोघं रिक्षानं पुईखडीला जाऊ. मी थोडं चालेन म्हणतो. आईला सांगू नकोस.

मोजे मिळाले की फोन कर. मामाला सांगून ठेवलंय, दोन्ही तळव्यांचे फोटो काढून मला पाठव. चिडू नकोस. उजेडात काढा.

तुझे,
बाबा