खेळण्यातले शिपाई पुन्हा उभे करणाऱ्यांचे आभार

लहानपणीचे शिपाई पुन्हा रांगेत उभे करायला ज्यांनी नाव न सांगता हातभार लावला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

मऊ प्लास्टिकच्या शिपायाची वाकलेली बंदूक कढत पाण्यात अर्धा मिनिट धरायची, सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवायची, नाहीतर ती पुन्हा वाकते, हे तुम्हीच दाखवलंत. रंग देण्याआधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवायचं. साच्याचा तेलकटपणा राहिला की रंगाचे पोपडे निघतात. जुनं प्लास्टिक कडक झालं असेल तर मात्र वाकवूच नये, तुकडा पडतो.

शिशाच्या शिपायांबद्दलचा सल्ला तर लाखमोलाचा. विल्यम ब्रिटन या इंग्रज खेळणी कंपनीने १८९३ पासून काढलेल्या पोकळ, साधारण ५४ मिलिमीटर उंचीच्या शिपायांची मुंडी आधी तुटते. मानेच्या पोकळीत काडेपेटीची काडी बसवून ती जोडायची, किती साधी युक्ती! लाकडी कपाटातल्या, विशेषतः ओकच्या, आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. फुंकर मारू नका, हात धुवा, असे शिपाई मुलांच्या हाती देऊ नका, हे तुम्ही पुन्हापुन्हा बजावलंत, त्याबद्दल विशेष आभार.