डॉक्टरकाका, वहीतल्या त्या तांबड्या गोलाबद्दल

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

आपण दोघंही डिचोलीतच, पण समोर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय पावसावर नेता. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

चंपी ही माझी पॉइंटर कुत्री, लपलेला पक्षी हुंगून जागीच थबकणाऱ्या शिकारी जातीची. तिच्या मागच्या वेताच्या सात पिल्लांपैकी तीन आठवड्याभरात गेली. एकाची टाळू दुभंगलेली. पाजलं की दूध नाकातून परत यायचं. अजून आठवलं की पोटात तुटतं. मी पावसाळ्याला दोष देत होतो. तुम्ही आधी वंशावळीची वही मागितलीत आणि सोप्यावर बसून तांबड्या पेनाने दोन गोल केलेत. चंपीचा बाप शेरू, तिच्याशी जुळवलेल्या नराचा बापही शेरूच. एकाच जनुकाची तीच प्रत दोन्हीकडून मिळायची शक्यता सख्ख्या भावंडांच्या जोडीत २५ टक्के, सावत्रांत १२.५, आधीचं नात्यातलं रक्त धरलं तर आणखी जास्त.

तरी मी अडून बसलो. बाहेरचं रक्त आणलं की शेरूचं वास काढणारं नाक पुढच्या पिढीतून जाईल, ही भीती. तेव्हा तुम्ही ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्यांची गोष्ट सांगितलीत. लघवीत यूरिक आम्ल वाढून खडे होण्याचा दोष अख्ख्या जातीत मुरलेला, निरोगी जनुक उरलेलंच नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटरचं रक्त आणलं, पुढे प्रत्येक पिढी परत डाल्मेशियनशीच जुळवली. त्या कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबाने, म्हणजे तिथल्या कुत्र्यांच्या वंशनोंदी ठेवणाऱ्या संस्थेने, मान्यता द्यायला २०११ उजाडलं. "परक्या जातीला आपला पॉइंटर चालतो, मग आपल्या पॉइंटरला दुसऱ्या घरचा पॉइंटर का चालू नये?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग चोर्ला घाट चढून बेळगावच्या तीन खेपा. पहिला नर काय रुबाबदार होता! खुब्याचा एक्स-रे बघून तुम्ही नाही म्हणालात. दुसऱ्याच्या चार पिढ्यांत आमचं एकही नाव नव्हतं. वर बजावलंत, बाहेरच्या रक्ताने दोष झाकला जातो, पुसला जात नाही. वही बंद करू नकोस.

सहाच्या सहा पिल्लं जगली. सारखी नाहीत, एक तर हाडापेराने बरंच दांडगं आहे. पण परवा भात कापलेल्या शेतात धाकटी अचानक थबकली. पुढचा पाय उचललेला, शेपटी ताठ. बांधावरून लावा भुर्रकन उडाला तरी ती जागची हलली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा बंदुकीचं कामच नाही. मला तेवढं बघायचं होतं.

रविवारी वही घेऊन येतो. तुमचं तांबडं पेन माझ्याकडेच राहिलंय.

तुमचा,
चंपीवाला