शेडमधल्या फियाटचा भाव

पुणे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोनवर शेडमधली जुनी फियाट विकायचा विषय निघाला की तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणता आणि आई मला वांग्याचे भाव सांगत बसते. म्हणून पत्र. हे आईच्या हातात दिलंत तरी ती वाचून तुम्हालाच परत देईल.

आधी एक कबुली देते. गणपतीला आले होते तेव्हा दुपारी तुम्ही आडवे झालात आणि मी तुमची निळी फाइल काढली. २००९ पासूनचं गाडीचं एकूण एक बिल तीत आहे, सात रुपयांच्या वॉशरचंसुद्धा. सगळी बेरीज २,३८,४१० रुपये झाली. गंगापूर रोडवरून गाडी बघायला आलेल्या त्या गृहस्थांना तुम्ही "अडीच लाखाच्या खाली बोलू नका" म्हणालात, तो आकडा कुठून आला हे तेव्हा कळलं. त्यांनी साठ हजार म्हटल्यावर तुम्ही उठून आत गेलात, आणि आईने त्यांना दुसरा चहा दिला, हेही कळलं.

नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं तुम्ही मशिनं चालती ठेवलीत. शंभराची नोट छापायला किती खर्च आला यावर तिची किंमत ठरत नाही, हे मला सातवीत तुम्हीच सांगितलं होतंत. फियाटचंही तसंच आहे, फक्त उलट्या बाजूने.

फाइल वाचताना मी प्रत्येक बिलाला एकच प्रश्न विचारला: हे पैसे आज गाडीत आहेत का? गाडी घेताना देवळालीच्या डॉक्टरांना दिलेले ४२,००० आहेत. इंजिन-गिअरबॉक्सचे ६८,००० आहेत असं धरू, त्यावर पुढे येते. पण शेडच्या पत्र्याचे ३१,००० गाडीत कसे असतील? शेड तर तुम्ही राहायला जाणार त्या फ्लॅटवर येणारसुद्धा नाही. रंगवाला २५,००० ॲडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच. टायर तुम्ही नवे घेतलेत, एक किलोमीटर पळाले नाहीत, पण मी कडेचे चार आकडे वाचले: ३२१२. म्हणजे २०१२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातले. नखाने दाबले तर दगड. ब्रेक तुम्ही दोनदा केलेत आणि दोन्ही वेळा व्हील सिलिंडर उभ्या उभ्या जाम झाले. गाडी उभी राहून खराब होते, चालून नाही, हे तुमचंच वाक्य.

तुम्हाला वाटेल, मुलगी विम्याची सर्व्हेअर, तिने ऑफिसातला तक्ता आणून लावला. खरं म्हणजे तक्ता इथे लागतच नाही. आमच्याकडे गाडीची घोषित किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी उतरते, मग १५, २०, ३०, ४०, पाचव्या वर्षाला ५०. त्यापुढे तक्ता संपतो. पुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. सत्तावन्न वर्षांची गाडी तर त्या कागदाच्या फार बाहेर आहे. तिथे शेवटी माणसाला चटईखालचा पत्रा बघावा लागतो.

त्या गृहस्थांनी नेमकं तेच केलं. ते पेचकसने खाली टोचत होते म्हणून तुम्हाला राग आला. बाबा, त्या माणसाला कळतं. जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा गेला तरी कणा राहतो. फियाटला तसं नाही, बॉडी हीच चासी. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, दाराखालची सिल, डिक्कीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, इथे गंज लागला म्हणजे दागिना काळा पडला असं नव्हे, घराचा खांब कुजला. मी नंतर एकटीने पाहिलं. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवलं (आई, तुझं गणपतीवालं चुंबक, परत लावलंय). डाव्या सिलवर दोन ठिकाणी ते चिकटतच नाही. आत पत्रा नाही, पुटी आहे, बहुतेक डॉक्टरांच्याही आधीची. ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्लोअरमधून मला शेडची फरशी दिसली. गोदावरीवरचा दसकचा घाट हाकेवर, पावसाळ्यात खालून ओल येणार, गाडीवर ताडपत्री झाकून काय होतं?

उलट ज्या इंजिनाचा तुम्हाला अभिमान आहे, ते या गाडीतलं सोपं काम. तेच १०८९ सीसीचं इंजिन पुढे पद्मिनी या नंतरच्या मॉडेलात गेलं आणि मुंबईच्या टॅक्सींनी ते वर्षानुवर्षं पळवलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, तिची वीस वर्षं २०२३ मध्ये भरली, आणि त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. पण पिस्टन, गॅस्केट, ब्रेकचे किट यांचा जुना माल कुर्ल्यात अजून निघतो, मी विचारून घेतलंय. म्हणजे इंजिन बिघडलं तर बनवता येतं, आणि कुजलेल्या सिलला चांगला पत्रेवाला शोधावा लागतो.

आता हिशोब, तुमच्या पद्धतीने. आधी पूर्ण झालेल्या गाडीचा भाव घ्यायचा. मागितलेला नव्हे, सुटलेला. वर्षभरात मी चार डिलाइटची, म्हणजे आपल्याच मॉडेलच्या फियाटची, चौकशी केली. मागणारे साडेचार लाखांपर्यंत गेले, पण चांगल्या स्थितीतल्या दोन प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास सुटल्या. त्यातून राहिलेलं काम वजा करायचं. पत्रा ७०, रंग ६५, गाद्या आणि छत ३५, वायरिंग १२, रबर-काचा १५, पाच टायर १८, ब्रेक-क्लच १२, जुळवणीची मजुरी २५. हे सगळे हजार. बेरीज दोन लाख बावन्न हजार. उरले त्र्याहत्तर. आणि पत्रा उघडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून मी खर्चात पाचवा हिस्सा आणखी धरते. मग उरतात बावीस-तेवीस हजार.

गंमत अशी की द्वारका चौकातल्या भंगारवाल्याला फोन केला तर तो किलोला अठ्ठावीस म्हणाला. आठशे किलोचे २२,४००. माझं गणित आणि भंगारवाला एकाच जागी येऊन उभे राहिले! मी कॅल्क्युलेटर बंद केलं आणि चहा करून घेतला.

पण हा भाव खरा नाही, आणि का नाही तेच मला सांगायचंय. असली गाडी घेणारा माणूस रविवारची मजुरी स्वतःला लावत नाही. तुम्ही लावली होतीत का कधी? सोळा वर्षांच्या रविवारांचं बिल निळ्या फाइलमध्ये नाही. तोही लावणार नाही. शिवाय सुटे भाग विकले तरी बनवलेलं इंजिन, गिअरबॉक्स, चार सरळ दारं, काचा आणि चमकीचं सामान मिळून ऐंशी-पंचाऐंशी हजार येतात, फक्त ते विकायला वर्ष जाईल आणि घरी रोज अनोळखी माणसं येतील. म्हणून खालची मर्यादा भंगार, वरची सुट्या भागांची बेरीज. त्या गृहस्थांचे साठ हजार या दोन्हींच्या मध्येच पडतात. तो अपमान नव्हता, बाबा. थोडे कमी होते, इतकंच.

आई, आता तुझ्याकडे येते. तुला वाटतं की त्या गाडीशी तुझा संबंध बॉनेटवर सांडगे वाळत घालण्यापुरता होता. मी माळ्यावर चढले तेव्हा तुझ्या जुन्या हिरव्या सुती लुगड्यात गुंडाळलेली समोरची जाळी, बंपर, हेडलाइटच्या कड्या, हॉर्नची रिंग, सगळं मिळालं. प्रत्येक वस्तू वेगळी बांधलेली, मध्ये वर्तमानपत्र. एकावरही टिपूस गंज नाही. हे सामान डिलाइटचं आहे, पद्मिनीचं नाही, म्हणून टॅक्सींच्या भंगारात ते मिळत नाही. त्या गृहस्थांनी ते पाहिलंच नाही, कारण बाबांनी दाखवलं नाही आणि तुला कुणी विचारलं नाही. माझ्या मते तुझ्या लुगड्याचे पंधरा हजार तरी व्हायला हवेत. (व्हीलकॅपमध्ये चिमण्यांना पाणी ठेवतेस, ती मात्र आत आण. बाकीच्या तीन सापडल्या आहेत.)

जिथे खरा पैसा अडकलाय ती गोष्ट गाडीत नाहीच, कपाटात आहे. आरसी बुक अजून डॉक्टरांच्या नावावर. तुम्ही तेव्हा "घरचाच माणूस आहे" म्हणून बदल केला नाहीत, आणि तीन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. आता आधी त्यांच्या वारसाच्या नावावर करायचं, त्याला फॉर्म ३१, आणि मग तिथून तुमच्या नावावर, २९ आणि ३०. घेणारा त्यासाठी फक्त फी कापत नाही, भीतीही कापतो. उद्या कुणी वारस उभा राहिला तर? मी स्वतः घेणारी असते तर वीस हजार खाली उतरवले असते. तुम्हाला वहिनींकडे जायचा संकोच वाटतो, म्हणून त्यांच्याशी मीच बोलले. त्या म्हणाल्या, "ह्यांची गाडी अजून आहे?" आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सही द्यायला तयार आहेत. पितृपक्षात सही केली तर चालतं, मी विचारलंय, विकायची नवरात्रात.

कागद सरळ झाले की गाडीला आणखी एक वाट मोकळी होते. केंद्राने २०२१ च्या जुलैत विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नोंदणी दहा वर्षांची, आणि आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तुमचा तो तीन अक्षरी नंबर जात नाही. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. रविवारी बायकोला घेऊन त्र्यंबकला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ही अडचण, संग्रह करणाऱ्याला नाही. २०१५ मध्ये तुम्ही मारुतीचं इंजिन बसवायला निघाला होतात आणि मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नव्हते, आठवतं? आरसीवरचा इंजिन नंबर आजही ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो. त्याचे पैसे मिळतात.

तर माझा सल्ला असा. नव्वद सांगायचे, पंचाहत्तरच्या खाली यायचं नाही. कागद झाले आणि इंजिन चालू करून दाखवता आलं तर एक लाख मागायला मी स्वतः समोर बसेन. न चालवलेलं इंजिन घेणाऱ्याच्या लेखी न बनवलेलंच असतं, तुमच्या हातावर माझा कितीही विश्वास असला तरी. ते २०१३ मध्ये बांधलंत आणि आजवर एकदाही फिरलेलं नाही. म्हणून थेट सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. गुडघा दुखतोय, शेजारच्या पोराला हाक मारा.

वणीला पहिली फेरी मारायची होती, हे मला ठाऊक आहे. आईने त्यासाठी डॅशबोर्डला लावायला घेतलेला देवीचा बिल्ला मला त्याच लुगड्यात सापडला. तो सामानात धरलेला नाही. तो तिच्याकडेच राहू दे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत पोचेन. लोणच्याच्या बरण्यांमधले नट-बोल्ट ओतून ठेवा, आपण दोघं बसून चिठ्ठ्या लावू. नुसतं खोकं दिसलं की घेणारा धरून चालतो की निम्मं सामान हरवलंय. बॅटरी मी आणतेय. पेट्रोल ताजं लागेल, शेडमधल्या जुन्या कॅनमधलं घालू नका.

तुमची,
मनू